सांगलीहून एका सत्रासाठी विनिमय विद्यार्थी म्हणून जर्मनीला जात आहे. तेथे सर्वांत अवघड काय जाते?

मी विश्रामबागेत वाढलो आणि अभियांत्रिकीचे एक सत्र जर्मनीत राहिलो. अभ्यासापेक्षा तेथील शांतता अंगवळणी पडणे मला अधिक अवघड गेले. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करू नये हा नियम तेथे गांभीर्याने पाळला जातो, आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे, शनिवारी दूध-भाजी आणायला विसरलेल्या मला पहिला रविवार आईने बांधून दिलेल्या भडंगावर काढावा लागला. (घरचे तूप मात्र नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे.)

'आहात का घरात?' असे म्हणत शेजारी डोकावण्याची आपली सवय तेथे चालत नाही, आधी वेळ ठरवावी लागते. सुरुवातीला मला हा तुटकपणा वाटला; परंतु ठरलेल्या वेळी तीच माणसे हातातले काम बाजूला ठेवून तासभर बोलत बसतात, हे पुढे लक्षात आले.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे पत्र लागते, म्हणून ते आधीच मागून ठेवा. घरी फोन करताना हेही ध्यानात असू द्या की, उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. मी ते विसरलो आणि आजीला रात्री साडेबाराला उठवले.