नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यात नोकरी करतो. कंपन्यांसोबत आखलेली पदवी घ्यावी का?

घ्या, पण माहितीपत्रकावरचं कंपनीचं नाव पाहून नको. कॉलेजचा कंपनीशी झालेला लेखी करार मागा. अभ्यासक्रम ठरवताना कंपनीचं कोण बसलं होतं, प्रात्यक्षिक कुठे होणार, मूल्यमापन कोण करणार, हे सगळं विचारा. उत्तर देताना चाचपडले तर सरळ उठून या.

बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन, म्हणजे कामाच्या कौशल्यावर आधारलेली पदवी) तुमच्यासाठी चांगली. तिच्यात साधारण ६०% भाग कौशल्याचा, ४०% सामान्य शिक्षणाचा. १ वर्षानंतर डिप्लोमा, २ वर्षांनी अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, ३ वर्षांनी पदवी. मध्येच ओव्हरटाइम वाढला, घरी अडचण आली, तरी हातात काहीतरी राहतं. शिफ्टवाल्या माणसाला याची किंमत कळते.

अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदव्याही आहेत, स्टायपेंड मिळतो. पण त्या मुख्यतः नियमित विद्यार्थ्यांसाठी. चालू नोकरी त्यात धरतात का, हे प्रवेशाआधीच विचारा.

वर्गात जाणं जमतच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, १९८९ पासूनचं. मान्यताप्राप्त मुक्त पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. फक्त त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) चालू मान्यता आहे ना, तेवढं बघा. आणि एचआरला आधीच भेटा. परीक्षेच्या दिवसांत शिफ्ट बदलून मिळेल, हे लेखी घ्या.