मैत्रिणीचं दुःख मी ग्रुपवर टाकलं

पत्र

ताई, मी कांदिवलीला राहते, वय साठ. आम्ही चौतीसजणी मिशनच्या बोर्डिंगात एकत्र वाढलो, १९८१ला एसएससी झालो आणि पांगलो. लॉकडाउनमध्ये कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला आणि सगळ्या पुन्हा सापडल्या. माझी जिवलग मैत्रीण कल्याणला असते. तिच्या लेकीचा संसार मोडायला आलाय, हे तिने एका रात्री रडत रडत फोनवर मला सांगितलं. सकाळी मी ग्रुपवर टाकलं, 'हिच्या मुलीच्या संसारासाठी प्रार्थना करा.' माझ्या मनात पाप नव्हतं. तासाभरात तिला फोनवर फोन गेले आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. आठ महिने झाले, ती माझा फोन उचलत नाही. मी रोज सकाळी तिला बायबलमधलं एक वचन पाठवते. निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. मुलगा म्हणतो, आई, या वयात हे मोबाइलचं खूळ सोड. मीही ग्रुप सोडू का? अशी मोबाइलवर मैत्री टिकते का?

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या मनात पाप नव्हतं, हे मला पटतं. तरी तुमचं चुकलंय, आणि मोठी चूक झालीय. चर्चच्या मंडळीत वाढलेल्या आपल्यासारख्या बायकांना ही सवय इतकी अंगवळणी पडलीय की ती चूक वाटतच नाही. महिला मंडळात प्रार्थनेची विनंती मागितली की आपण आपलं सांगतो, मग शेजारणीचं सांगतो, मग जिचं सांगायला नको तिचंही सांगतो. पूर्वी ते बोलणं फार तर चर्चच्या कंपाउंडात फिरायचं. ग्रुपवर टाकलेली विनंती एका क्षणात चौतीस फोनांत उतरते. त्यातली एखादी ती कळवळून आपल्या चर्चच्या ग्रुपवर टाकते. नंतर तुम्ही आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केलात तरी पुढे गेलेला तसाच राहतो. तिने तुम्हाला एकटीला, रात्री, रडत सांगितलं होतं. तुम्ही त्याच रात्री अंथरुणावर बसून तिच्या लेकीसाठी प्रार्थना केली असती, तर ती देवापर्यंत पोचलीच असती.

आता त्या निळ्या खुणांबद्दल. त्या वाचून मला आशा वाटली. तिने तुम्हाला ब्लॉक केलं असतं तर तुमच्या मेसेजखाली एकच राखाडी खूण राहिली असती. म्हणजे आठ महिने ती तुमचा मेसेज उघडतेय. पण तिथे तिला काय मिळतंय? रोज एक वचन. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'माझं चुकलं' असं तुम्ही तिला कधी लिहिल्याचं त्यात कुठे नाही. तिच्या जागी मी असते तर ती वचनं मला टोचली असती. आजपासून तिला वचन पाठवणं थांबवा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, तू वेदीपाशी दान आणलंस आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. अगदी वेदीपाशी पोचलेल्या माणसालाही तो परत पाठवतो.

मोबाइलचं म्हणाल, तर बायबलातलं योहानाचं तिसरं पत्र काढा. एका पानात संपतं. गायस नावाच्या मित्राला लिहिलंय. शेवटी योहान म्हणतो, पुष्कळ लिहायचं आहे, पण ते शाईने आणि लेखणीने लिहावंसं वाटत नाही. लवकर भेटू अशी आशा आहे, मग समोरासमोर बोलू. त्या काळी दूरच्या माणसाशी बोलायला शाई आणि लेखणीच होती. त्याने ती फेकून दिली नाही. मी येतोय, हे कळवायला वापरली. आणि अगदी शेवटची ओळ: तिथल्या मित्रांना एकेकाचं नाव घेऊन सलाम सांग.

तुम्हीही एवढंच लिहा: 'तुझी गोष्ट मी तुला न विचारता बाहेर सांगितली. माझं चुकलं. मला माफ कर. शनिवारी तुला भेटायला कल्याणला यावं म्हणते. नको असेल तर नको म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही.' त्यात 'तुझ्या भल्यासाठीच केलं' हे वाक्य घालू नका. जोडलेल्या हातांचं चित्रही नको. आणि लेखीच पाठवा, आवाज रेकॉर्ड करून नको. तुमचा रडवेला आवाज ऐकला की तिलाच तुमची समजूत काढावी लागेल, आणि तिच्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे.

'ये' म्हणाली तर शनिवारीच जा. रविवारी उपासना असते, शिवाय मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. दादरला पूल ओलांडून कल्याण फास्ट धरा. लेकीचा विषय तुम्ही काढू नका, ती काढेल तेव्हा ऐका. प्रार्थना करायचीच झाली तर आधी विचारा, 'तुझ्यासाठी काय मागू?' ती म्हणेल तेवढंच मागा. उत्तर आलं नाही, तर तिच्या दाराशी जाऊन उभ्या राहू नका. महिनाभर थांबा, मग एक पत्र हाताने लिहून पोस्टात टाका.

ग्रुपवर माफी मागायची घाई करू नका. तोच विषय पुन्हा सगळ्यांपुढे येईल. तसं करावं की नाही, हे तिने ठरवायचं.

ग्रुप मात्र सोडू नका. मुलाला ते खूळ वाटतं, कारण त्याची दोस्तमंडळी अजून हाकेच्या अंतरावर असतील. बोर्डिंगात ज्यांच्या शेजारी ट्रंक ठेवून झोपलो, त्या साठीत पुन्हा सापडणं ही देवाची कृपा आहे. फक्त ग्रुप म्यूट करा आणि तुम्हा दोघींना सोडून उरलेल्या बत्तीसजणींची यादी वहीत लिहा. दररोज एकीला, तिच्या एकटीच्या नावावर, दोन ओळी लिहा: तुझे गुडघे कसे आहेत, नातवाची परीक्षा झाली का. पुष्कळदा फॉरवर्ड होऊन दुहेरी बाण लागून आलेल्या सुप्रभातात तिचं नाव नसतं. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौलाने किती नावं घेतलीत बघा. रूफाच्या आईला सलाम सांगताना तर तो म्हणतो, ती माझीही आई.

माझी एक बोर्डिंगातली मैत्रीण संगमनेरला आहे. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून दर गुरुवारी दुपारी मी तिला आवाजातच सगळं सांगून पाठवते. ती तांदूळ निवडत उत्तर देते, दाणे ताटात पडताना ऐकू येतात. गेल्या नाताळात मी तिच्याकडे गेले, तेव्हा दारातच तिने अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं.

तुम्ही पत्रात दोघींचीही पूर्ण नावं लिहिली होती. ती मी इथे काढून टाकली आहेत. रात्री प्रार्थनेत मात्र दोन्ही घेईन.