गावच्या कबड्डी सामन्यात चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून मंडळाने काय करावं?

रात्रीचे सामने, फायनलला चार हजार माणूस आणि मैदानाला एकच गेट, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी ते एकच गेट बदला.

चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात असं वाटतं. पण पुष्कळ जण उभ्याउभ्याच जातात. छाती दाबली जाते, श्वासच घेता येत नाही. इंग्लंडच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये 1989 साली हेच झालं. बाहेर रेटारेटी वाढली म्हणून पोलिसांनी मोठं गेट उघडलं, पण प्रेक्षक उभे राहायच्या गच्च भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, तरी 97 जीव गेले. मागच्याला पुढचं दिसत नाही, खरी गोम ही आहे. म्हणून मचाणावर एक शहाणा माणूस बसवा. त्याने शिटी मारली की प्रवेश बंद, मग दारात आमदार का उभे असेनात.

चुन्याने 10 बाय 10 फुटांचा चौकोन आखा. त्यात 35 माणसं उभी राहिली की ती जागा भरली समजा. 50 च्या पुढे गर्दी लाटेसारखी हलायला लागते, मग कुणाचंच पाऊल त्याच्या ताब्यात राहत नाही.

पास तपासणारा एक जण मिनिटाला दहाएक माणसं सोडतो, म्हणजे तासाभरात चार हजार आत घ्यायला सात जण लागतील. बाहेर पडायला फुटामागे मिनिटाला 20 माणसं धरा. आठ मिनिटांत मैदान रिकामं व्हायचं तर एकूण 25 फूट रुंदी हवी. नऊ-नऊ फुटांची तीन दारं, वेगवेगळ्या बाजूंना. ती बाहेरच्या बाजूला उघडावीत, कुलूप नको, आणि प्रत्येकापाशी सामना संपेपर्यंत एक माणूस हवाच. मंडपवाला कनात सलग बांधतो आणि दारासमोर भज्यांची गाडी, ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. हे दुपारीच फिरून बघा.

लाइटला एक जनरेटर, माइकला दुसरा. अंधार झाला तरी आवाज राहिला पाहिजे.

गर्दी हटेना म्हणून काठी उगारू देऊ नका. नागपुरात 1994 साली लाठीमारानंतरच्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी बांधव गेले. इंडोनेशियात 2022 मध्ये फुटबॉलच्या स्टेडियममध्ये पोलिसांनी सोडलेल्या अश्रुधुराने लोक दारांकडे पळाले, 135 मेले. दाब मागून येतो, तेव्हा आधी मागची माणसं मागे घ्या.

108 ची गाडी आणि ठाणेदारांची परवानगी, दोन्हींची सोय आठवडाभर आधी करा.