उत्तर नेमके दुप्पट येत असेल तर

अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या १,००० किलोच्या उपग्रहाला कक्षेतून मुक्त करण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच्याकडे दर वेळी सुमारे ५,८८० कोटी ज्यूल येते आणि पुस्तकातले उत्तर त्याच्या निम्मे असते. लातूरला बारावी करताना माझ्या वहीत हेच दुप्पट उत्तर होते, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही उपग्रह जागेवर स्थिर आहे असे धरले आहे. स्थिर वस्तूला जीएमएम भागिले आर इतकी ऊर्जा द्यावी लागते हे खरे (जी म्हणजे गुरुत्व स्थिरांक, दोन एम म्हणजे पृथ्वीचे आणि उपग्रहाचे वस्तुमान, आर म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर). पण फिरणाऱ्या उपग्रहाजवळ त्यातली निम्मी ऊर्जा गतीच्या रूपाने आधीच असते, त्यामुळे वरून द्यायची ती फक्त उरलेली निम्मी, म्हणजे सुमारे २,९४० कोटी ज्यूल. तेवढीच त्याची बंधन ऊर्जा, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून पूर्ण सोडवायला लागणारी ऊर्जा.

आमच्या शिकवणीच्या छापील नोट्समध्ये स्थिर वस्तूचे सूत्र उपग्रहाच्या मथळ्याखाली छापले होते. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून मी ते पान दोनदा कार्यालयात नेले, पण खिडकीतल्या गृहस्थांनी पानाकडे न पाहताच छापलेले आहे म्हणजे बरोबरच असणार असे सांगितले आणि सरांना भेटूही दिले नाही. मी ते मान्य करून सूत्र पाठ केले, ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. प्रवेश परीक्षेत नेमके हेच गणित आले आणि दुप्पट उत्तरही पर्यायांत असल्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. त्या खिडकीचा मला आजही राग येतो.

माझे मत विचाराल, तर या धड्यातले एकही सूत्र पाठ करू नका. स्थितिज ऊर्जा (स्थानामुळे असलेली) ऋण चिन्हासह लिहा, तिच्यात गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली) मिळवा आणि बेरीज शून्यावर आणायला काय कमी पडते ते पाहा. पडताळा उपग्रहाच्या वेगावरून घेता येतो: या कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर आणि तिथला मुक्तिवेग (पृथ्वीपासून कायमचे सुटायला लागणारा किमान वेग) त्याच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे सुमारे १०.८५ किलोमीटर. वेग ४१ टक्के वाढला की गतिज ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे वाढ मूळ गतिज ऊर्जेइतकीच. आर हे पृथ्वीच्या केंद्रापासूनचेच अंतर घेतले आहे ना, हेही तपासा. तिथे नुसती उंची घातली तर उत्तर सतरा पट येते.

अर्थात हे वर्तुळाकार कक्षेपुरते आहे आणि हवेचा विरोध धरलेला नाही. कक्षा लंबवर्तुळाकार असेल, तर आरच्या जागी दीर्घ अक्षाचा निम्मा भाग घ्यावा लागतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या मंगळयानाची कक्षा टप्प्याटप्प्याने अशीच लांबवली होती. पृथ्वीजवळून जाताना त्याचा वेग मुक्तिवेगाच्या इतका जवळ पोहोचला होता, की १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर सेकंदाला सुमारे ६४८ मीटरची वाढ त्याला पृथ्वीपासून सोडवायला पुरली.