हक्कसोडीची सही इतक्यात नको

कोल्हापूरहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५३. आई दोन महिन्यांपूर्वी गेल्या, वडील आधीच गेलेले, मुली दोघीच आणि मृत्युपत्र नाही. धाकटी बहीण रत्नागिरीला असते. वडिलांच्या आजारपणात आईच्या पाटल्या मोडल्या की कुणाला दिल्या, यावरून दोघींचं बिनसलं आणि अकरा वर्षं बोलणं बंद होतं. तेराव्याला ती आली, रडली, चार दिवस राहिली. निघताना म्हणाली, ‘ताई, आईचं सगळं तूच केलंस. फ्लॅट तुझाच. कुठं सही करायची सांग.’ ताई विचारतात, ‘तिचं मन बदलायच्या आत हक्कसोड करून घेऊ का? मी माझी एफडी मोडून तिला १० लाख खुशीनं देणार आहे.’

तुमचं वाक्य तुम्हालाच पुन्हा वाचून दाखवतो: ‘तिचं मन बदलायच्या आत.’ म्हणजे ते बदलू शकतं, हे तुम्हाला आतून माहीत आहे. म्हणून माझं उत्तर ‘आत्ता नको’. फ्लॅट तुम्ही घेऊच नये, असं मी म्हणत नाही. आपण नेमकं किती सोडतोय हे बहिणीला माहीत नाही, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हालाही नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर वाटलं म्हणून फिरवता येत नाही. ते रद्द करून घ्यायचं तर कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. उद्या रत्नागिरीत कुणी आकडेमोड करून दाखवली, तर पाटल्यांवरून अकरा वर्षं गेली, फ्लॅटवरून किती जातील?

तुम्ही दिलेले आकडे असे. फ्लॅट आजच्या भावानं साधारण ६० लाखांचा. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे १५ लाख आणि बँकेत ७ लाखांची ठेव, दोन्हींवर नॉमिनी तुम्ही. सोनं वेगळं. पोस्ट आणि बँकेचे २२ लाख तुम्ही ‘माझे’ या रकान्यात टाकलेत. गफलत तिथंच आहे. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीतही हेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. सोसायटीतलं नॉमिनेशनही असंच. वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो, इतकंच. आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आईच्या मागे दोन्ही मुलींचा वाटा सारखा. कोण जवळ राहिली, कोण अकरा वर्षं फिरकली नाही, याला कायद्यात जागा नाही.

तेव्हा सोनं सोडून एकूण ८२ लाख. आईच्या दवाखान्याचे ६ लाख ४० हजार तुम्ही खिशातून भरले आणि बिलं जपून ठेवलीत. ते आधी वजा करा. उरले ७५ लाख ६० हजार. बहिणीचा निम्मा वाटा ३७ लाख ८० हजार. तुम्ही देऊ करताय १० लाख. मनानं ते खुशीचे असतील, कागदावर मात्र तो पाव वाटा होतो.

मला पटणारा मार्ग असा: आईची २२ लाखांची सगळी रोकड बहिणीला द्या. भावजींचं दुकान अडचणीत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिला आज फ्लॅटच्या भिंतींपेक्षा पैशाचा उपयोग जास्त आहे. मग तिचे १५ लाख ८० हजार बाकी राहतात. त्यात तुमचे १० लाख धरले, तरी ५ लाख ८० हजार कमी पडतात. ते ती सोडेल का? कदाचित आनंदानं सोडेल. रात्री दोनला उठून आईला बाथरूमला कोण नेत होतं, हे तिलाही ठाऊक आहे. पण ही रक्कम समोर ठेवून तिनं स्वतःहून सोडायला हवी. तुम्ही परस्पर कापून घ्यायची नाही.

आता तुमची एफडी. ती आहे २४ लाखांची. मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाला दोन वर्षांत ८ लाख लागणार, मिस्टर चार वर्षांनी निवृत्त होणार आणि खाजगी नोकरी असल्यानं हाताशी लागेल अशी पेन्शन नाही. आज १० लाख काढलेत तर शिक्षणानंतर ६ उरतील. या वयात मी ते करू देणार नाही, कारण कितीही चांगलं असो. कर्ज काढून सगळे १५ लाख ८० हजार एकरकमी द्यायचा विचारही नको. निवृत्तीच्या तोंडावर हप्ता लावून घेण्यात शहाणपण नाही.

त्यापेक्षा फ्लॅट काही वर्षं दोघींच्या नावावर राहू द्या आणि भाड्यानं द्या. महिना १५ हजार येतील म्हणता, तर साडेसात-साडेसात. म्हणजे बहिणीला तिच्या बाकीवर वर्षाला ९० हजार, साधारण पावणेसहा टक्के. तुमचीही एफडी शाबूत. मिस्टरांचे पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले की ठरलेली रक्कम द्यायची आणि तेव्हा सही. किती द्यायचे आणि कधी, हे मात्र आजच लिहून ठेवा. चार वर्षांनी फ्लॅटचा भाव काय असेल यावर पुन्हा वाद नको.

‘हक्कसोड बिनमोबदला दाखवू आणि १० लाख भेट म्हणून वेगळे देऊ’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला दिसतो. तो ऐकू नका. बहिणीनं बहिणीला दिलेल्या भेटीवर आयकर नाही, हे खरं. सख्ख्या बहिणीच्या नावे बिनमोबदला हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, हेही खरं. पण ते पैसे वाट्याचे आहेत हे दोघींना माहीत असताना कागदावर दुसरंच लिहिलं, तर पुढं आयकराच्या नोटिशीला उत्तर देताना पंचाईत होईल. मोबदला असेल तर बहिणीला भांडवली नफ्याचा, म्हणजे मालमत्तेच्या व्यवहारातल्या फायद्यावरच्या कराचा, हिशोब करावा लागू शकतो. फ्लॅट आईनं १९९८ साली घेतलेला, तेव्हा खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य त्यात कामाला येईल. कौटुंबिक वाटणीचा दस्त कसा लिहिला जातो, यावरही बरंच ठरतं. मसुदा होण्याआधी सीएला दाखवा.

सोन्याचा हिशोब या रकमांत मिसळू नका. दोघींनी मिळून लॉकर उघडा, एकेका डागाचा फोटो काढा, सोनाराकडून वजन करून घ्या. मोहनमाळेसारख्या जुन्या डागांत आतून लाखेचा भराव असू शकतो, तो वजा करूनच सोन्याचं निव्वळ वजन लिहायला सांगा. पाटल्या त्यात निघाल्या नाहीत, तर ‘मिळाल्या नाहीत’ एवढंच यादीत लिहा. कुणी नेल्या हे शोधत बसायची ही वेळ नाही.

घाई करायचीच असेल तर पोस्टाची करा. खातेदार गेल्याच्या तारखेपासून त्या योजनेचं व्याज थांबतं आणि पोस्टाच्या बचत खात्याचे ४ टक्केच मिळतात. आईला ८.२ टक्के मिळत होते. १५ लाखांवर हा फरक महिन्याला सव्वापाच हजारांचा आहे, आणि दोन महिने असेच गेले. मृत्यूचा दाखला, पासबुक आणि तुमची ओळखपत्रं घेऊन याच आठवड्यात दावा दाखल करा. पैसे आले की बहिणीच्या खात्यात बँकेतूनच पाठवा, रोखीनं नको.

वाटणीच्या कागदाचा मसुदा तयार झाला की तो तिला रत्नागिरीतल्या तिच्या वकिलाला दाखवू द्या. त्या वकिलाची फी तिलाच भरू द्या. तुम्ही भरलीत तर तो तिचा वकील राहणार नाही.