पंचविसाव्या वर्षी खासदार, पण प्लॅन नक्की कुणाचा?

नमस्कार,

लंडनजवळच्या स्लाउहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा इयर ट्वेल्व्हला (आपल्या अकरावीसारखं), मॅथ्स-फिजिक्स-हिस्टरी, प्रेडिक्टेड ग्रेड दोन ए आणि एक बी. ब्रिटनच्या लेबर पक्षाचा किअर मॅदर २५व्या वर्षी पोटनिवडणुकीतून खासदार झाला, २७व्या वर्षी मंत्री, मग आमच्या मुलाला का जमू नये, म्हणून ऑक्सफर्डचं पीपीई (फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्स) "आम्ही फायनल केलंय". आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंत की त्याला स्वतःला रेल्वे सिग्नलिंगची अप्रेंटिसशिप करायचीय, "पण ते एवढं मनावर घेऊ नका".

मी नेमकं तेच मनावर घेतलंय. अख्ख्या पत्रात आम्ही ठरवलं, आमचा प्लॅन, आम्ही अप्लाय करणार. अहो, अप्लाय तो करणार ना? विद्यापीठ प्रवेशाच्या यूकास फॉर्मवर आता पहिलाच प्रश्न असतो की हा कोर्स तुम्हाला का शिकायचाय, तिथे त्याने काय लिहायचं, बाबांनी बातमी वाचली म्हणून? मार्कांचं मला काही टेन्शन नाही, ती बी ग्रेड वर येईलही. पण १७ वर्षांच्या मुलाने सरळ सांगितलेली गोष्ट घरात अशी एका ओळीत उडवली जाते ना, त्याचं टेन्शन आहे, कारण अशी मुलं दुसऱ्यांदा सांगतच नाहीत.

आता पोटनिवडणूक म्हणजे शॉर्टकट, हा जो समज आहे त्याबद्दल. मॅदर हुशार आहे, वाद नाही, पण उत्तर इंग्लंडमधल्या सेल्बी अँड एन्स्टीची ती जागा रिकामी झाली कारण तिथले टोरी (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे) खासदार नायजेल अ‍ॅडम्स यांनी मधेच राजीनामा दिला, आणि लोक टोरींवर इतके वैतागलेले की २०,१३७ चं मताधिक्य धुऊन निघालं आणि लेबरचा हा पोरगा ४,१६१ नी आला. तारीख २० जुलै २०२३. त्याच दिवशी तुमच्या शेजारी अक्सब्रिजला, बोरिस जॉन्सननी सोडलेल्या जागेवर, त्याच लेबरचा डॅनी बील्स ४९५ मतांनी पडला, कारण तिथे लोकांच्या डोक्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा यूलेझ चार्ज होता. पक्ष एक, दिवस एक, निकाल उलटे. (बील्स पुढच्या वर्षी तिथूनच निवडून आला, पण ते असो.) राजीनामा कोण कधी देणार आणि लोक कशावर चिडणार हे कुठल्या कोर्सला शिकवतात सांगा. आणि मॅदरने पीपीई केलेलंच नाही, हिस्टरी अँड पॉलिटिक्स केलं, मग एका खासदाराच्या ऑफिसात नोकरी केली. तुम्ही कॉपी करताय तीही चुकीची.

तुमच्या जवळच्याच साउथॉलचे वीरेंद्र शर्मा बघा. १९६८ला पंजाबातून आले, सुरुवातीला बस कंडक्टर, १९८२ला कौन्सिलर, आणि २००७च्या पोटनिवडणुकीत खासदार झाले तेव्हा वय ६०. पुढे २०२४पर्यंत टिकले. सांगायचं एवढंच की तिकडे खासदार व्हायला कुठली डिग्री लागत नाही, वय १८, दहा मतदारांच्या सह्या आणि ५०० पाउंड डिपॉझिट. सिग्नलवर काम केलेला माणूसही उभा राहू शकतो, आणि वाहतुकीवर बोलायला लागला तर लोक ऐकतील तरी.

पीपीईचंच म्हणाल तर अर्ज १५ ऑक्टोबरच्या आत, शिवाय टेस्ट, मग इंटरव्ह्यू, ऑफर एएए ची. पण हे त्याने विचारलं तर सांगेन.

अप्रेंटिसशिपला पगार मिळतो आणि ट्रेनिंगची फी मुलाला भरावी लागत नाही, डिग्री लेव्हलच्याही असतात, हे तुम्हाला माहीत होतं का? त्याने कुठली बघितलीय ते आज जेवताना विचारा आणि मधे न बोलता ऐका. पुढचा मेल मला त्याच्याकडून हवाय. तुम्हाला सीसीत ठेवायचं की नाही ते त्याला ठरवू दे.