चाळिशीत दातांना तारा? आधी हिरड्या दाखवा

दातांच्या तारांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा पत्रं शाळकरी मुलांच्या पालकांचीच येतील असं वाटलं होतं. निम्म्याहून जास्त पत्रं पंचविशी ओलांडलेल्यांची, स्वतःच्याच दातांबद्दलची निघाली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना आमच्या दंतवैद्यांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : वय 46. माझे पुढचे दात आधी एकसारखे होते. गेल्या चारेक वर्षांत वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट पडली आणि ती वाढतेय. तारा लावून मिटेल का? की आता वय झालं? (एक वाचक, सांगली)

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं, मधे सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पदर असतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. सोळाव्या वर्षी हे चालतं तसं साठाव्या वर्षीही चालतं. मोठ्यांमध्ये सुरुवात जरा सुस्त असते, पुढे दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो.

तुमच्या पत्रात खटकणारी गोष्ट निराळीच आहे. आधी सरळ असलेले दात चाळिशीनंतर आपणहून पुढे झुकू लागले, लांब दिसू लागले, पसरू लागले, तर पहिला संशय पायोरियावर (हिरड्या आणि दाताभोवतीचं हाड खाणाऱ्या आजारावर) घ्यायचा. मुळाभोवतीचं हाड झिजलं की जीभ आणि चावण्याचा रोजचा दाबसुद्धा दात सरकवतो. अशा तोंडात थेट तारा बसवल्या तर काही महिन्यांत फट मिटलेली दिसेल, पण सुजलेल्या हिरडीत दात ओढल्याने उरलंसुरलं हाडही जाईल. फट मिटली आणि दात हलायला लागला, असा हा सौदा आहे.

म्हणून तपासणी हिरड्यांपासून सुरू करा. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या मधे घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त भरली आणि रक्तही आलं, तर आजार आहे. सोबत पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) आणि पुढच्या दातांचे छोटे एक्स-रे लागतील. मग स्केलिंग (दातांवरची कीट काढणं), गरज असेल तिथे भूल देऊन मुळांची सफाई, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तीच मोजणी. खोल कप्पे उरले तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया. हिरड्या शांत झाल्या, रक्त थांबलं आणि काही महिने तसंच राहिलं, की मग तारा. तारा असेपर्यंत दर तीन महिन्यांनी हिरड्यांची सफाई आणि मोजणी चालूच ठेवायची. हाड कमी असलेल्या दातावर जोर नेहमीपेक्षा हलका लावावा लागतो, कारण धरून ठेवणारा भाग कमी असल्याने दात सरळ सरकण्याऐवजी चटकन कलतो.

मधुमेह असेल तर एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 7 च्या आसपास आणल्याशिवाय घाई करू नका. बिडी-सिगारेटमुळे हिरडीतून रक्त कमी येतं आणि आजार लपून राहतो. मिश्रीच्या घासण्याने हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात. दोन्ही आधी बंद करा.

एक पूर्वसूचना. हाड गेलेल्या जागी दात जवळ आले की हिरडीपाशी छोटा काळा त्रिकोण दिसू शकतो. दातांच्या कडा 0.2 ते 0.3 मिलिमीटर घासून, दोघांचा टेकण्याचा बिंदू हिरडीच्या दिशेने आणून तो लहान करता येतो. पूर्ण जाईलच असं नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गात तारा दिसायला नकोत. सिरॅमिकच्या घ्याव्यात की अलाइनर? (एक वाचक, नाशिक)

सिरॅमिकचा ठोकळा (ब्रॅकेट) सहसा पिवळा पडत नाही. पिवळं पडतं ते तार धरून ठेवणारं पारदर्शक रबर. हळदीची आमटी एकदा जेवलात तरी ते पिवळं होतं आणि पुढच्या भेटीपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, तसंच राहतं. त्यामुळे रबराऐवजी पांढरा लेप दिलेली बारीक तार बांधून मिळेल का किंवा झाकणीचे सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट बसतील का, हे आधीच विचारा. सिरॅमिक दाताच्या आवरणापेक्षा कठीण असतं. तुमचे वरचे दात खालच्यांवर खोल झाकत असतील तर खालच्या दातांवर सिरॅमिक नको, वरच्या दातांच्या कडा झिजतील. वर सिरॅमिक, खाली धातूचे, ही जोडी आम्हाला सगळ्यांत व्यवहारी वाटते. बोलताना खालचे दात तसेही कमी दिसतात.

अलाइनर म्हणजे एकामागून एक घालायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कॅप. एक जोडी एक ते दोन आठवडे, प्रत्येक जोडीत दात जेमतेम पाव मिलिमीटर सरकतो. अट एकच : दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात. जेवताना काढायच्या, चहालाही काढायच्या (रंग चढतो आणि गरम चहाने प्लॅस्टिक वाकतं), आणि दात घासून परत घालायच्या. दिवसभर दर तासाला घोटभर चहा घेणाऱ्याने अलाइनरच्या वाटेला जाऊ नये. थोडी गर्दी, छोट्या फटी, पुढे आलेले एक-दोन दात यांवर अलाइनर छान काम करतात. गोल आकाराचा वळलेला सुळा किंवा उपदाढ फिरवणं, दात खाली ओढणं, उपटलेल्या दाताची जागा मुळासकट सरळ भरणं ही कामं तारेला जास्त चांगली जमतात. आणि ‘न दिसणारे’ म्हटले तरी पकडीसाठी दातांवर दातांच्या रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात. ते जवळून दिसतात.

जिभेच्या बाजूने बसवायच्या तारा पूर्ण लपतात, पण पहिले काही आठवडे जीभ सोलते आणि ‘स’, ‘त’, ‘द’ अडखळतात. दिवसभर शिकवणाऱ्याने याचा विचार करावा. खर्चही जास्त.

प्रश्न : घरी किट मागवून, दातांचा ठसा पोस्टाने पाठवून अलाइनर मिळतात म्हणे. डॉक्टरकडे जायची गरज आहे का? (एक वाचक, पुणे)

आहे. ठशात दातांचा वरचा भाग कळतो. मूळ किती लांब आहे, हाड किती उरलंय, आत किडलेला दात किंवा अडकलेली अक्कलदाढ आहे का, यातलं काहीच कळत नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशा पद्धतीची सर्वांत गाजलेली कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, आणि उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांना आपापला डॉक्टर शोधावा लागला. डॉक्टर निवडताना बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलंय का, हे बेधडक विचारा.

प्रश्न : आठ महिन्यांनी लग्न आहे. ‘सहा महिन्यांत दात सरळ’ अशी जाहिरात पाहिली. (एक वाचक, ठाणे)

फक्त पुढच्या सहा-आठ दातांची थोडी गर्दी असेल आणि दाढांची चावण नीट असेल, तर सहा ते आठ महिन्यांत काम होतं. दात पुढे आलेत, दात काढून जागा करायची आहे किंवा चावण बदलायची आहे, तर 18 ते 24 महिने धरा, मोठ्यांमध्ये क्वचित अधिक. लग्नासाठी तारा पूर्ण उतरवून पुन्हा चिकटवणं हा खर्चिक आणि वेळखाऊ प्रकार आहे. पुढच्या दातांवरची तार आठवड्याभरासाठी काढून घेता येते, ठोकळे तसेच राहतात. नाहीतर लग्न उरकून सुरुवात करा. आठ महिन्यांत काही बिघडत नाही.

प्रश्न : चांगले चार दात काढायला सांगितलेत. आवश्यकच आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

हा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडून दाखवायला सांगा. किती जागा हवी आणि ती कुठून आणायची, एवढाच प्रश्न आहे. दातांच्या कडा घासून चार-पाच मिलिमीटर मिळतात. दोन मुळांच्या मधल्या हाडात दीड-दोन मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा मिनी-स्क्रू घालून सगळी रांग मागे ओढता येते. पहिली उपदाढ काढली की एका बाजूला सुमारे 7 मिलिमीटर. ओठ मिटत नाहीत इतके दात पुढे असतील तर काढण्याला बहुधा पर्याय नसतो, आणि तसं न करता जबरदस्तीने रांग रुंद केली तर मुळं हाडाबाहेर जाऊन हिरडी खाली सरकते. मुलांचा टाळू रुंद करतात तसा मोठ्यांचा साध्या स्क्रूने होत नाही, मधला सांधा भरलेला असतो. एखादी दाढ आधीच फार किडलेली असेल तर चांगल्या उपदाढेऐवजी ती काढता येईल का, हे जरूर विचारा. काही वेळा जमतं. अक्कलदाढ काढून पुढच्या दातांना आपोआप जागा मिळत नाही. जबड्यातच मोठा फरक असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा विषय निघेल.

प्रश्न : खाणं-पिणं, ब्रश, दुखणं याबद्दल नीट सांगा. (अनेक वाचक)

बसवण्याच्या दिवशी दुखत नाही. दातावर आम्लाचा लेप 15 ते 30 सेकंद ठेवून धुतात, ठोकळा चिकटवून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. ठणका चारेक तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवड्यात ओसरतो. त्या दिवसांत मऊ भात, खिचडी, उपमा. गोळी लागली तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या एखाद-दुसरी चालतील, पण रोज महिनोन्‌महिने घेतल्या तर दात सरकणं मंदावतं.

भाकरी सोडायची गरज नाही. आमटीत किंवा दुधात कुस्करून खा, कडक पापुद्रा पुढच्या दातांनी तोडू नका. पेरू, सफरचंद फोडी करून. कणीस दाणे सोडवून. ऊस, चिक्की, खोबऱ्याचा तुकडा, चकली, सुपारी मात्र बंद. ठोकळा सुटण्याची निम्मी कारणं याच यादीत सापडतील. एक ठोकळा आठवडाभर सुटलेला राहिला तर तो दात मागे पडतो आणि उपचार लांबतो.

ब्रश ठोकळ्याच्या वरच्या बाजूने 45 अंशांत, मग खालच्या बाजूने. तारेखालून छोटा इंटरडेंटल ब्रश प्रत्येक दोन ठोकळ्यांमधे. पेस्ट 1000 ते 1450 पीपीएम फ्लोराइडची. घासून झाल्यावर फेस थुंका, खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं. ठोकळ्याभोवती पांढरट खडूसारखा डाग दिसला की तिथे कीड सुरू होतेय. तो महिन्याभरातही उमटू शकतो आणि तारा काढल्यावर ठोकळ्याची चौकट होऊन दातावर राहतो.

तार गालाला टोचली तर ठोकळा कापसाने कोरडा करा आणि वाटाण्याएवढं ऑर्थो-वॅक्स दाबून बसवा, ओल्या जागी ते टिकत नाही. टोक पेन्सिलीच्या खोडरबराने आत वळवता येतं. सुटलेला ठोकळा गिळला गेला तर सहसा काही होत नाही. ठसका लागून थांबतच नसेल तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : दोन कॅप, एक ब्रिज आणि एक इम्प्लांट आहे. तारा चालतील? (एक वाचक, नागपूर)

रूट कॅनाल केलेला दात, भोवतीची जागा निरोगी असेल तर, सरकतो. कॅपवर (दातावर पक्क्या बसवलेल्या टोपीवर) ठोकळा चिकटवण्यासाठी वेगळं आम्ल आणि रसायन लागतं, तरीही तो जास्त वेळा सुटतो. ब्रिज (शेजारच्या दातांना जोडून बसवलेला खोटा दात) बहुधा कापावा लागेल, कारण जोडलेले दात वेगवेगळे सरकत नाहीत. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ, त्याभोवती तंतूंचा पदरच नाही, तो जागचा हलणार नाही. नवा इम्प्लांट करायचा असेल तर तारांनंतर करा.

प्रश्न : आई 58 वर्षांची. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी घेते. (एक वाचक, रत्नागिरी)

गोळीचं नाव डॉक्टरांना आधी सांगा. अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट या गटातली औषधं दात सरकणं मंदावतात, आणि दात काढल्यास जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका थोडा असला तरी असतो. दात न काढता जमणारी छोटी दुरुस्तीच अशा वेळी बरी. औषध मनाने बंद करू नका.

प्रश्न : खर्च कमी कुठे? (एक वाचक, मुंबई)

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. प्रतीक्षा असते, कामाच्या दिवशी अर्धा दिवस जातो, आणि विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यामुळे मधेच तुमची फाइल दुसऱ्याकडे जाऊ शकते. खासगीत एक्स-रे, दात काढणं, सुटलेला ठोकळा, मिनी-स्क्रू आणि शेवटचे रिटेनर (सरळ झालेले दात जागच्या जागी धरून ठेवणारं साधन) रकमेत धरलेत का, हे लिहून घ्या.

प्रश्न : पंधराव्या वर्षी तारा लावल्या होत्या. आता 32. खालचे दात पुन्हा वाकडे झालेत. (एक वाचक, बेळगाव)

रिटेनर किती वर्षं घातला, हे पत्रात नाही, पण अंदाज येतो. हिरडीतले लवचीक तंतू वळवलेल्या दाताला महिनोन्‌महिने मागे ओढत राहतात. शिवाय वयानुसार खालच्या पुढच्या दातांत गर्दी वाढतेच, तारा कधीच न लावलेल्यांचीही. दोन-तीन मिलिमीटरची गर्दी असेल तर अलाइनर किंवा थोड्या काळाच्या तारा पुरतील. या खेपेला खालच्या सहा दातांच्या आतून बारीक तार कायमची चिकटवून घ्या आणि प्लॅस्टिकचा पारदर्शक रिटेनरही. पहिले सहा महिने तो पूर्ण दिवस, पुढे रोज रात्री, मुदत नाही. धुताना गार पाणी. आतली तार एखाद्या दातावरून सुटली तरी दुखत नाही, म्हणून महिन्यातून एकदा नख फिरवून पाहा. कुठे हलली किंवा नख अडकलं, तर त्याच आठवड्यात जाऊन चिकटवून घ्या. आणि डोक्याचं एमआरआय करायची वेळ आली तर ही तार आहे असं आधी सांगा. सहसा धोका नसतो, पण चेहऱ्याजवळचं चित्र पुसट येऊ शकतं.